लक्ष्मी रस्त्यावरच्या आवाजाचा हिशेब

पुणे महानगरपालिका २०२१ पासून ११ डिसेंबर हा दिवस ‘पादचारी दिन’ म्हणून पाळीत आली आहे. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद केला जातो. एरवी जीव मुठीत धरून कडेकडेने चालणारी माणसे रस्त्याच्या मध्यावरून संथपणे चालू लागतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्यांची प्रसन्न छायाचित्रे येतात. त्याच दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानांची शटरे पुरती वर जाण्यापूर्वीच, रस्त्याच्या कडा दुचाकींच्या रांगांनी पुन्हा भरून गेलेल्या असतात. वर्षाचा एक दिवस पादचाऱ्यांचा आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस वाहनांचे, अशी ही वाटणी आहे.

माझी एक वृद्ध आत्या नारायण पेठेत, लक्ष्मी रस्त्याला मिळणाऱ्या एका बोळातील जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहते. पहिल्या पादचारी दिनाच्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने कौतुकाने सांगितलेली गोष्ट एवढीच होती, की आज दुपारी दूरदर्शन संचाचा आवाज कमी करावा लागला. कित्येक वर्षे तो चढत्या पट्टीत लावण्याची तिला सवय झाली होती आणि त्यावरून शेजाऱ्यांशी कुरबुरीही झाल्या होत्या. आपल्याला कमी ऐकू येते अशी तिची स्वतःची समजूत होती. वस्तुतः कान बिघडले नव्हते; रस्ता बिघडला होता.

एका दिवसाच्या बंदीने जर एवढा फरक पडतो, तर ती कायम का करू नये, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याहून अधिक वेळा ऐकू येणारी मागणी अशी, की सर्व वाहने राहू द्यात, निदान मोटारसायकली तरी या भागातून हद्दपार करा. गोंगाट त्यांचाच आहे. तुळशीबागेच्या गल्ल्यांत दोन माणसे समोरासमोर आली तर अंग चोरावे लागते, आणि तेथेही एखादा स्वार इंजिन चालू ठेवून पायांनी गाडी रेटीत येतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ही मागणी अवाजवी वाटणार नाही. मला मात्र ती अर्धवट वाटते, आणि अर्धवट उपायाने मूळ दुखणे झाकले जाण्याचा धोका असतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आवाजाविषयी. मोटारसायकलीला मराठी माणसाने ‘फटफटी’ म्हटले ते तिच्या वेगावरून नव्हे किंवा आकारावरून नव्हे, तर तिच्या आवाजावरून. पूर्वी गावात एखादीच फटफटी असे आणि तिचा आवाज ऐकून कोण आले हे घरबसल्या ओळखता येई. आज पुण्यात त्या आवाजावरून कोणालाच ओळखता येत नाही, कारण तो एकाचा नाही. महापालिकेच्याच आकडेवारीनुसार २०१८ साली शहरातील नोंदलेल्या वाहनांची संख्या सुमारे ३६ लाख झाली आणि सुमारे ३५ लाखांच्या लोकसंख्येला तिने मागे टाकले. त्यांत सुमारे २७ लाख दुचाकी होत्या. भंगारात गेलेली वाहनेही नोंदवहीत जिवंत राहतात हे लक्षात घेऊन यातून काही वजावट केली, तरी चित्र फारसे पालटत नाही.

ध्वनी मोजण्याचे डेसिबल हे परिमाण सामान्य बेरीज-वजाबाकीच्या नियमांनी चालत नाही, आणि सार्वजनिक चर्चेत नेमका याचाच विसर पडतो. या मापनश्रेणीत दहाची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेची दसपट वाढ, आणि वीसची वाढ म्हणजे शंभरपट. उलट, एकसारखा आवाज करणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्या रस्त्यावरून काढून टाकल्या, तर आवाज उतरतो तो केवळ तीन डेसिबलने, जो कानाला जेमतेम जाणवतो. म्हणजे सम-विषम क्रमांकाच्या गाड्यांना आलटून पालटून बंदी, आठवड्यातून दोन दिवस बंदी, असे निम्मेशिम्मे उपाय वाहतुकीच्या दृष्टीने कितीही उपयुक्त असोत, आत्याच्या खिडकीत त्यांचा लाभ नाममात्रच पोचेल. दुसरे असे, की १७५ घनसेंटीमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलीला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा असते. तिचा मूळ सायलेन्सर काढून बाजारातला पोकळ सायलेन्सर बसविला आणि आवाज शंभरावर नेला, तर ती एकटी गाडी नियमात असलेल्या शंभर गाड्यांइतकी ध्वनिऊर्जा रस्त्यावर सोडते. गोंगाटाचा मोठा वाटा मोटारसायकलींच्या संख्येतून नव्हे, तर त्यांतील अगदी थोड्यांच्या वर्तनातून येतो, हे या साध्या गणितातून निघते.

कायदा याबाबत मुका आहे असे नाही. केंद्र शासनाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी व्यापारी क्षेत्रासाठी दिवसा ६५ व रात्री ५५ डेसिबल, निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५, आणि शांतता क्षेत्रासाठी ५० व ४० अशा मर्यादा घालून दिल्या आहेत. आता लक्ष्मी रस्ता यांपैकी कोणत्या क्षेत्रात मोडतो? तळमजल्यावर सराफी पेढी आणि साड्यांचे दुकान, पहिल्या मजल्यावर शिकवणीचा वर्ग, दुसऱ्या मजल्यावर पाळणा, ही पेठांची शेकडो वर्षांची रचना आहे. मिश्र वस्ती असेल तेथे सक्षम अधिकाऱ्याने तिला चारांपैकी एका वर्गात घालावे, असे नियम सांगतात. व्यापारी म्हटले की वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या वाट्याला आपोआप दहा डेसिबल अधिक येतात. म्हणजे पाळण्यातल्या मुलाने दुकानाच्या मापाने झोपावे! बरे, याच रस्त्यावर १८८४ साली स्थापन झालेली मुलींची हुजूरपागा शाळा आहे. शैक्षणिक संस्थेभोवतालचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र, ही कल्पना मूळ नियमांत होती. २०१७ च्या दुरुस्तीने मात्र राज्य शासनाने तसे अधिसूचित केल्याखेरीज कोणताही भाग शांतता क्षेत्र ठरत नाही. थोडक्यात, शाळा तेथेच आहे, मुलीही त्याच वर्गांत बसतात, परंतु तेथे शांतता असावी की नसावी हे राजपत्र ठरविणार.

तक्रारीचा अधिकारही नियमांत आहे. मर्यादेपेक्षा दहा डेसिबल वा अधिक आवाज झाला तर नागरिकाला सक्षम अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. म्हणजे व्यापारी क्षेत्रात पंच्याहत्तरपर्यंत निमूट ऐकून घ्यायचे आणि मग तक्रार करायची. गणेशविसर्जन मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतींपुरता हा मार्ग निदान कल्पनेत तरी उपयोगी आहे, कारण ती भिंत तासन् तास एका चौकात उभी असते; मोजणारे येतात, मोजतात आणि दुसऱ्या दिवशी आकडे छापून येतात. मोटारसायकल मात्र उभी राहत नाही. आत्याच्या आग्रहावरून मी एकदा संबंधित कार्यालयाकडे रीतसर लेखी तक्रार केली होती. रात्री दहानंतर ठरावीक तीन-चार गाड्या फट्फट् करीत बोळातून जातात, असे तीत वेळेसह नमूद केले होते. काही आठवड्यांनी उत्तर आले, की प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर ठिकाणी एकही वाहन आढळून आले नाही. पाहणी सकाळी अकराला झाली होती! उत्तर खोटे होते असे मी म्हणणार नाही. ते त्या घटकेपुरते अक्षरशः खरे होते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या साऱ्यात एक जुना प्रश्न दिसतो. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली असे दाखविले, की एखाद्याच्या कृतीचा खर्च जेव्हा तिऱ्हाईताच्या माथी पडतो, तेव्हा ती कृती समाजाला परवडेल त्यापेक्षा अधिक प्रमाणात घडते. म्हणून शासनाने कर लावून तो खर्च करणाऱ्याच्या खिशात परत पोचवावा. पुढे १९६० साली रोनाल्ड कोस यांनी या मांडणीला हरकत घेतली, आणि त्यासाठी त्यांनी निवडलेला एक दाखला योगायोगाने गोंगाटाचाच होता. लंडनमध्ये एक मिठाईवाला वर्षानुवर्षे खलबत्त्यात कुटण्याचे काम करीत होता. शेजारी एक डॉक्टर राहावयास आला आणि त्याने आपली तपासणीची खोली नेमकी मिठाईवाल्याच्या भिंतीला लागून बांधली. कुटण्याच्या आवाजाने रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकू येईनात, म्हणून त्याने दावा लावला. १८७९ साली निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. कोस यांचे म्हणणे असे, की उपद्रव येथे एकतर्फी नसतो. मिठाईवाला डॉक्टरला त्रास देतो हे खरे, पण त्याला थांबविले तर डॉक्टर मिठाईवाल्याचे नुकसान करतो. प्रश्न विचारावयाचा तो हा, की दोघांपैकी कोणाचे नुकसान टळणे समाजाला अधिक मोलाचे आहे. आणि देवाणघेवाण विनाखर्च होत असेल, तर दोघे आपसांत सौदा करूनही तो सोडवू शकतील.

लक्ष्मी रस्त्यावर हा सौदा अशक्य आहे हे उघड दिसते. दिवसभरात जाणारे हजारो स्वार आणि खिडकीमागे बसलेली शेकडो कुटुंबे एका टेबलाशी येऊन वाटाघाटी करणार कशी? म्हणूनच नियम लागतो. पण कोस यांचा प्रश्न तरीही उपयोगाचा आहे, आणि तो प्रत्येक आवाजाला वेगवेगळा विचारावा लागतो. पोकळ सायलेन्सरवाल्याला विचारला तर उत्तर सोपे आहे. कारखान्याच्या दृष्टीने धूर किंवा आवाज हे नको असलेले उपउत्पादन असते. कारखानदाराला ते टाळता आले तर हवेच असते. येथे आवाज हेच उत्पादन आहे. गाडी शांत होती, आणि पदरचे पैसे मोजून ती गोंगाटी करून घेतली गेली. त्याला थांबविण्यात समाजाचे काहीही बुडत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा ध्वनिमर्यादाभंगाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना रद्द होण्याची तरतूद आहे. पोलीस अधूनमधून मोहीम काढतात, जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरवितात आणि छायाचित्रे प्रसिद्ध होतात. परंतु हे सायलेन्सर विकणारी दुकाने आणि बसवून देणारी गॅरेजे याच शहरात राजरोस चालतात. पन्नास स्वारांच्या मागे धावण्यापेक्षा एका गॅरेजचे दार ठोठावणे स्वस्त पडते, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागू नये.

हॉर्नची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते पेठांतील गोंगाटाचे खरे मूळ तेथे आहे. आपल्याकडील हॉर्नला प्रमाणित मर्यादाच ९३ ते ११२ डेसिबल इतकी उंच आहे. २०२१ साली केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी नाशिकमध्ये बोलताना हॉर्नमधून भारतीय वाद्यांचे सूर यावेत अशी कल्पना मांडली होती. लक्ष्मी रस्त्यावर एकाच वेळी चाळीस बासऱ्या आणि तबले वाजू लागले तर ते संगीत होईल काय, हा प्रश्न मी संगीतज्ञांवर सोपवितो. मुद्दा असा, की माणूस हॉर्न हौसेने वाजवीत नाही. पुढचा अडला म्हणून वाजवितो. आणि पुढचा अडतो कशामुळे? एखाद्या शनिवारी सायंकाळी अर्धा तास एका जागी उभे राहून पाहावे. रस्ता एकेरी आहे, त्यामुळे समोरासमोर कोंडी नाही. कोंडी होते ती कडेची जागा शोधीत रेंगाळणाऱ्या गाडीमुळे, दुकानासमोर ‘दोनच मिनिटे’ म्हणून थांबविलेल्या मोटारीमुळे, आणि रांगेतून आपली दुचाकी ओढून काढताना शेजारच्या चार दुचाकी आडव्या करणाऱ्यामुळे. आवाज चालत्या वाहनातून येतो, परंतु त्याचे कारण उभे वाहन असते. चालत्या मोटारसायकलीवर बंदी घालून उभ्या मोटारीला अभय देणे म्हणजे रोग्याच्या खोकल्यावर बंदी घालण्यासारखे होय.

आणखी एक गोष्ट. बंदीचा बडगा उगारताना मोटारसायकलच प्रथम का आठवते? एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाकी सहज मावतात. म्हणजे माणशी रस्ता अडविण्यात दुचाकीस्वार सर्वांत मागे आणि आवाजाबद्दलच्या बोलण्यात मात्र सर्वांत पुढे आहे. मोटार आतून बंद असते. तिचा मालक काचा वर करून स्वतः शांततेत बसतो. पुण्याचे दुचाकीशी असलेले नातेही ध्यानात घेतले पाहिजे. हे एके काळी सायकलींचे शहर. आकुर्डीला बजाजचा कारखाना आला, १९७२ साली चेतक बाजारात आली, त्याच साली फिरोदियांच्या कायनेटिकने लुना आणली, आणि सायकलीवरचा पुणेकर हळूहळू इंजिनावर बसला. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबलेल्या पिढीतले माझे वडील. त्यांची स्कूटर घरी आली त्या दिवशी पेढे वाटले गेले होते, एवढे मला चांगले आठवते. आज या शहरातील शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मुली तोंडाला रुमाल गुंडाळून ज्या निर्धास्तपणे कोथरूडहून हडपसरला जातात, ते स्वातंत्र्य त्यांना बससेवेने दिलेले नाही. दुचाकीने दिलेले आहे. मीही महाविद्यालयात स्कूटरनेच जातो. तेव्हा दुचाकीस्वार हा कोणी उपरा उपद्रवी नसून बहुधा आपल्याच घरातला असतो.

परदेशांत अशा बंद्या झाल्या आहेत. चीनमधील ग्वांगझू शहराने २००७ च्या आरंभापासून शहरभागात मोटारसायकली बंद केल्या. म्यानमारमधील यांगूनमध्ये ही बंदी २००३ पासूनची आहे. दोन्ही ठिकाणी निर्णय वरून आला, ज्यांच्या गाड्या गेल्या त्यांना कोणी विचारले नाही. सिंगापूरने १९७५ साली मध्यवर्ती भागात शिरण्यासाठी शुल्क ठेवले, ते आरंभी मोटारींना होते. दुचाकींना लागू झाले ते १९८९ मध्ये. लंडनने २००३ साली असेच शुल्क बसविले, त्यातून मोटारसायकली वगळल्या. ज्याने अधिक जागा व्यापली त्याच्याकडे आधी जावे, हा क्रम तेथे पाळला गेला. दूर कशाला, आपल्या रायगड जिल्ह्यातील माथेरानचा अनुभव पाहावा. मोटारवाहने नसलेली बाजारपेठ कशी असते, हे पाहावयाचे तर तेथे जावे. लाल मातीच्या रस्त्यावर माणसांचे बोलणे लांबून ऐकू येते. पण त्या शांततेचे ओझे वर्षानुवर्षे कोणी ओढले? हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांनी. सर्वोच्च न्यायालयाला २०२५ साली या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. बंदीमुळे खर्च नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी खांद्यावर सरकतो. पेठांत बंदी आली तर तो कोणाच्या खांद्यावर येईल, हे आधी विचारले पाहिजे. बोहरी आळीत पाठीवर गठ्ठे वाहणारा हमाल, पोटमाळ्यावर औषधाची वाट पाहणारा रुग्ण, रात्री नऊला दुकान बंद करून धायरीला किंवा वाघोलीला परतणारी विक्रेती मुलगी, यांची सोय मोटारवाल्या गिऱ्हाइकाच्या सोयीच्या आधी लागावयास हवी.

व्यापाऱ्यांची भीती मात्र निराळी आहे आणि ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. गाडी दारात येणार नसेल तर गिऱ्हाईकही येणार नाही, असे ते म्हणतात. लष्कर भागातील महात्मा गांधी रस्त्यावर सुटीच्या संध्याकाळी वाहने बंद ठेवून ‘वॉकिंग प्लाझा’ करण्याचा प्रयोग पूर्वी झाला होता. २०२० च्या डिसेंबरात तो पुन्हा करण्यात आला, आणि व्यापाऱ्यांच्या विरोधापुढे टिकला नाही. माझा एक जुना विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावरील कापडाच्या दुकानात हिशेब पाहतो. पादचारी दिनाविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, गर्दी दुप्पट होती, पण पिशव्या निम्म्या होत्या.” माणसे रस्ता बघायला आली होती, कापड घ्यायला नव्हे. हा पुरावा मी डावलणार नाही. पण एका दिवसाच्या जत्रेवरून वर्षाच्या उलाढालीचा अंदाज करता येत नाही, हेही तितकेच खरे. कोपनहेगनमधील स्ट्रॉयएट हा बाजाररस्ता १९६२ साली वाहनांना बंद झाला तेव्हा तेथील दुकानदारांनीही दिवाळे निघण्याची भाकिते केली होती. तो रस्ता आज जगातील नामांकित पायरस्त्यांत गणला जातो. त्याच विद्यार्थ्याने सहज सांगितलेली दुसरी गोष्ट मला अधिक बोलकी वाटली. दुकानासमोरच्या दुचाकींत सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत हलत नाहीत अशा गाड्या कोणाच्या, तर त्याच्या स्वतःच्या, त्याच्या सहकाऱ्यांच्या आणि शेजारच्या दुकानमालकांच्या! गिऱ्हाइकासाठी म्हणून ज्या जागेचा आग्रह धरला जातो, ती जागा गिऱ्हाइकाला मिळतच नाही. फुकट वस्तूची हीच गत होते. जो सकाळी लवकर येतो तो ती दिवसभर धरून ठेवतो, आणि ज्याला तिची वीस मिनिटांची निकड असते तो चौकाला तीन फेऱ्या घालून हॉर्न वाजवीत राहतो.

कडेच्या जागेला वेळेनुसार भाडे आकारण्याची तरतूद असलेले पार्किंग धोरण महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१८ साली संमत केले. त्याला एवढा विरोध झाला, की ते प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरते आखडण्यात आले. त्या वेळी ‘गरिबांवर बोजा’ हा आक्षेप मोठ्या आवाजात घेतला गेला. गरीब माणूस दिवसभर मोटार उभी करून ठेवीत नाही, एवढे जरी कोणी सांगितले असते तरी चर्चा निराळ्या वळणावर गेली असती.

आज परिस्थितीत एक महत्त्वाचा बदल झाला आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली आणि कसबा पेठ व मंडई ही स्थानके उघडली. तुळशीबाग मंडई स्थानकापासून चालत काही मिनिटांवर आहे. पेठांतल्या पेठांत फिरण्यासाठी दहा रुपयांत दिवसभर प्रवास देणारी ‘पुण्यदशम’ ही लहान बस २०२१ मध्ये सुरू झाली होती, त्या कल्पनेचे मोल मेट्रो आल्यानंतर अधिक आहे. मंडईजवळ आर्यन आणि मिनर्व्हा, नारायण पेठेत हमालवाडा, अशी महापालिकेची वाहनतळेही आहेत. रस्त्यावरची जागा फुकट असताना तेथे पैसे देऊन गाडी कोण लावील, हा प्रश्न तेवढा उरतो. विजेवर चालणाऱ्या स्कूटरी आल्या आहेत. बजाजने २०१९ मध्ये चेतक हे जुने नाव पुन्हा आणले ते अशाच आवाज न करणाऱ्या गाडीसाठी. त्यामुळे इंजिनाची फटफट कालांतराने विरेल. परंतु विजेची गाडीही जागा तेवढीच घेते आणि तिलाही हॉर्न असतोच.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. येत्या ११ डिसेंबरला उत्सव करण्याऐवजी त्याच भागात तीन महिन्यांचा प्रयोग सुरू करावा. पहिल्या दिवसापासून रस्त्यावर उभी राहणारी मोटार बंद, आणि दुचाकीच्या जागेला पहिला अर्धा तास नाममात्र व पुढे चढत्या दराने भाडे. दुकानातील नोकरवर्गाला वाहनतळाचे सवलतीचे मासिक पास मिळावेत आणि त्याचा भार मालकांनी उचलावा. मालाचे टेम्पो सकाळी दहापूर्वी किंवा रात्री. दिल्लीच्या चांदणी चौकात सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहने बंद आहेत, तरीही दुचाकी घुसतात अशी तेथील तक्रार आहे. पहारा ढिला झाला की काय होते ते त्यावरून दिसते. रहिवाशांना आणि रुग्णवाहिकांना अर्थातच मोकळीक असावी. पदपथ मोकळा होईल तेव्हा पथारीवाल्यांची जागा आधीच आखून द्यावी, नाहीतर मोकळ्या झालेल्या रस्त्यावरून दुकानदार आणि पथारीवाले यांच्यात नवे भांडण उभे राहील. दुचाकीचा प्रवेश बंद करण्याचा विचार यानंतर, आणि तोही संध्याकाळच्या ठरावीक तासांपुरता करावा. तोवर रस्त्याच्या कडा मोकळ्या झाल्याने हॉर्न किती उतरले हे कळलेले असेल. हुजूरपागेच्या फाटकाशी, एखाद्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर आणि एका गजबजलेल्या दुकानाच्या दारात अशा तीन ठिकाणी प्रयोगाआधी व प्रयोगाच्या काळात आवाज मोजावा, आणि आकडे रस्त्यावरच फलकावर लावावेत. दुकानदारांनीही आपल्या तीन महिन्यांच्या विक्रीची मागील वर्षाच्या त्याच तीन महिन्यांशी केलेली तुलना खुली करावी. तोटा झाला असेल तर तो निदान दिसेल.

यात एक किरकोळ बाब राहिली. चुकीच्या जागी लावलेल्या दुचाकी उचलून नेणारा टेम्पो पेठांतून फिरतो, तेव्हा त्यावरील माणूस कर्ण्यावरून गाड्यांचे क्रमांक आणि धमक्या पुकारीत असतो. आत्याच्या मते साऱ्या दिवसातला सर्वांत मोठा आवाज तोच असतो. तो कर्णा मात्र उद्यापासूनच बंद करता येईल. त्यासाठी ना राजपत्र लागते, ना ठराव.